जळक्या ऑइलचा वास : कामाच्या नोंदी

2 जून 2024, रविवार. मीटर 1,04,310

आण्णांची गाडी. 2012 ची पेट्रोल हॅचबॅक, 1.2 लिटर, चार सिलिंडर. गेलं वर्षभर ती जास्त करून मीच चालवते, पण गाडीची वही अजून आण्णाच लिहितात.

आज साताऱ्यात पोवई नाक्यावर गर्दीत गाडी थांबली आणि आत वास आला. कढईत तेल तापून काळं पडलं की येतो तसा, पण जड आणि घशाला लागणारा. गाडी हलली की वास गेला, पुढच्या गर्दीत थांबले की पुन्हा आला. ब्लोअर बाहेरची हवा घेत होता. आतली हवा फिरवण्याचा खटका दाबला तर दोन मिनिटांत वास विरला. म्हणजे वास गाडीच्या आतला नाही. पुढच्या काचेच्या पायथ्याशी हवा आत घेणारी जाळी असते, तिथून तो येतोय, म्हणजे बॉनेटखालचा आहे. चालत्या गाडीत वारा तो मागे ओढून नेतो, उभ्या गाडीत तो वर चढून जाळीपाशी पोचतो.

घरी येऊन ऑइलची पट्टी पाहिली. दोन खुणांच्या मधोमध. आठवड्यापूर्वीच सर्व्हिसिंग झालंय, ऑइल ओतताना थोडं सांडलं असेल तर तेच जळत असणार. सांडलेलं ऑइल चारदोन दिवसांत जळून संपतं. तोवर वाट पाहायची.

5 जून, बुधवार

वास तसाच. उलट वाढल्यासारखा वाटतो.

संध्याकाळी आण्णा पायरीवर बसले आणि मी एकेक शक्यता खोडत गेले. कूलंट गळत असतं तर वास गोडसर आला असता आणि टाकीतली पातळी उतरली असती. ती जागच्या जागी आहे. क्लच जळाला की भाजलेल्या पुठ्ठ्यासारखा वास येतो, आणि तोही चढावर क्लच अर्धा दाबून धरला तर. गिअर ऑइलला गंधकाचा उग्रपणा असतो, एकदा नाकात बसला की विसरत नाही, हा तसा नाही. रस्त्यावरची प्लास्टिकची पिशवी सायलेन्सरला चिकटून वितळली तरी असा त्रास होतो, म्हणून खाली वाकून टॉर्चने पूर्ण पाइप पाहिला. काही नाही. ऑइल फिल्टर बदलताना जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनलाच चिकटून राहिली आणि तिच्यावर नवा फिल्टर बसला तर तिथून ऑइल जातं. तिथे बोट फिरवलं, कोरडं.

मागून निळा धूरही नाही. म्हणजे ऑइल सिलिंडरच्या आत जळत नाहीये, बाहेर कुठेतरी तापलेल्या लोखंडावर पडतंय.

एअर फिल्टरचा डबाही उघडला. फिल्टरच्या एका कोपऱ्यावर रुपयाएवढा तेलकट डाग आहे. जुना असेल म्हणून डबा परत बंद केला.

9 जून, रविवार. मीटर 1,04,395

इंजिनावर जोर पडल्याशिवाय खरं कळणार नाही, म्हणून सकाळी यवतेश्वरचा घाट चढले. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये सलग चढ, इंजिन चांगलं तापतं. वर पोचल्यावर गाडी बाजूला घेतली आणि लगेच बॉनेट उघडलं. इंजिनाच्या मागच्या बाजूने, एक्झॉस्ट मॅनिफोल्डवरच्या (जळका वायू सायलेन्सरकडे नेणाऱ्या भागावरच्या) पत्र्याच्या झाकणाखालून, उदबत्तीसारखी एक बारीक निळसर रेघ वर येत होती. अर्धा मिनिट दिसली आणि विरली.

या गाडीत मॅनिफोल्ड मागे आहे, इंजिन आणि डॅशबोर्डच्या मधल्या भिंतीकडे. त्यामुळे पुढून वाकून कितीही पाहिलं तरी ही जागा नजरेत येत नाही.

इथे मी गंभीर झाले. इंजिन ऑइलची वाफ साधारण 200 अंशांच्या पुढे पेट घेऊ शकते, आणि घाट चढताना मॅनिफोल्ड त्याच्या कितीतरी वर जातो. थेंबभर ऑइल नुसतं धुरावतं. पण गळती वाढली, त्यात चिंधी किंवा सुका पाला अडकलेला असला, तर आग लागू शकते. परतताना एक किलोचं पावडरचं अग्निशामक घेतलं आणि पुढच्या सीटखाली बांधलं. वास येतोय पण गाडी पळतेय ना, असं म्हणून महिनोन्‌महिने काढणारे लोक मी पाहिलेत. हे करू नये.

12 जून, बुधवार

एका गॅरेजमध्ये गाडी वर घेऊन दाखवली. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडलेत तिथे खाली ऑइलचा थेंब लोंबत होता. तो पाहून त्यांनी सांगितलं, मागचं क्रँक सील (क्रँकच्या दांड्याभोवती ऑइल अडवणारी रिंग) गेलंय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल, आठ हजार.

असेलही. पण ऑइल वरून खाली वाहतं, आणि पळत्या गाडीत वारा त्याला मागे ढकलतो. सगळ्यात खालचा ओला भाग म्हणजे ते जिथे थांबलं ती जागा, निघालं ती जागा नव्हे. वरचा भाग कुणीच पाहिला नाही. मी विचारलं, "वरून येत नाही कशावरून?" त्यावर नीट उत्तर मिळालं नाही. गाडी घरी आणली.

16 जून, रविवार. मीटर 1,04,450

सबंध दिवस धुण्यात गेला, पण खरं काम आजच झालं.

इंजिन रात्रभर गार होतं. अल्टरनेटर, कॉइल आणि वायरींच्या जोडण्यांवर पिशव्या बांधल्या. डीग्रीझर (तेलकट थर सोडवणारं द्रावण) फवारून दहा मिनिटं ठेवलं, जुन्या टूथब्रशने आणि बाटल्या धुण्याच्या लांब ब्रशने खरवडलं, मग मगाने बेताचं पाणी. प्रेशरचा पाइप मुद्दाम वापरला नाही, पाणी कॉइलमध्ये शिरलं तर दुसरंच दुखणं मागे लागतं. बारा वर्षांची धूळ आणि ऑइल मिळून जो काळा राप बसला होता तो निघायला तीन फेऱ्या लागल्या. मग उन्हात बॉनेट उघडं ठेवून वाळवलं. पाऊस सुरू झालाय, पण आज नशिबाने दुपारपर्यंत उघडीप होती.

पूर्ण कोरडं झाल्यावर आण्णांचा टाल्कम पावडरचा डबा घेतला आणि टॅपेट कव्हरच्या (इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाच्या) कडेने, इंजिनाच्या मागच्या अंगावर, टायमिंग कव्हरच्या (इंजिनाच्या टोकाकडच्या झाकणाच्या) सांध्यावर हलकी पावडर मारली. पट्टा आणि वायरी टाळून. अतिनील टॉर्च आणि ऑइलमध्ये घालायचा चमकणारा रंगही मिळतो, पण पावडर तेच काम करते : कोरडी जागा पांढरी राहते, ऑइल निघालं की तिथे करडी रेघ उठते.

गाडी वीस मिनिटं उभ्या जागी चालवली, मग बारा किलोमीटरची फेरी. परत आल्यावर मागची बाजू दिसावी म्हणून आण्णांचा दाढीचा आरसा घेतला. एका हाताने तो भिंतीजवळच्या फटीत धरला, आण्णांनी टॉर्च मारला. आरशात सगळं पांढरंशुभ्र. फक्त टॅपेट कव्हरच्या उजव्या मागच्या कोपऱ्यात, जिथे टायमिंग कव्हर आणि सिलिंडर हेड एकमेकांना भेटतात त्या सांध्यावर, मोहरीएवढा एक चमकता ठिपका. त्याच्यापासून दोऱ्यासारखी काळपट रेघ पावडर भिजवत खाली उतरलेली, थेट मॅनिफोल्डच्या पत्र्यापर्यंत. तिथून पुढे ती गिअरबॉक्सच्या सांध्याकडे वळली होती.

आण्णा म्हणाले, "सापडलं बघ."

क्रँक सीलचा काही संबंध नाही. गिअरबॉक्स उतरवायचा नाही.

22 जून, शनिवार. मीटर 1,04,520

टॅपेट कव्हरचं पॅकिंग (सांधा बंद करणारी रबरी कड) आणि प्लगच्या चार नळ्यांची सीलं मिळून 540 रुपये, सिलिकॉनची ट्यूब 180. ओळखीचे एक मिस्त्री सकाळी घरी आले. काम मी करायचं आणि त्यांनी पाहायचं असं ठरलं होतं. टॉर्क पाना, म्हणजे बोल्ट किती जोराने आवळला ते मोजणारा, त्यांचाच.

बॅटरीची निगेटिव्ह काढली. कॉइलचे प्लग, चारही कॉइल, ब्रीदर पाइप काढले. कव्हरचे बोल्ट दहाच्या बॉक्सने, कडेकडून मध्याकडे थोडे थोडे सैल केले. कव्हर उचलताना जुनं पॅकिंग खोबणीतून निघेना. ओढलं तर कट्‌कन तुटलं. रबर म्हणजे वाकायला हवं, हे बांगडीसारखं झालेलं. तुकडा नखाने दाबून पाहिला, ठसा उमटेना. मूळचा गोल काठ चौकोनी होऊन बसलेला. दोन नंबरच्या प्लगच्या नळीतही तळाला ऑइल साचलं होतं.

कॅमवर स्वच्छ फडकं झाकलं आणि खोबण व हेडची कड साफ केली. मी सुरी उचलली तसे मिस्त्री ओरडले, "ताई, लोखंड लावू नका! ॲल्युमिनियम आहे, ओरखडा पडला की तिथनंच गळंल." मग प्लास्टिकच्या पट्टीने खरवडलं. टायमिंग कव्हर हेडला भेटतं त्या दोन सांध्यांवर सिलिकॉनचा तांदळाच्या दाण्याएवढा ठिपका लावला. नुसतं रबर ती बारीक पायरी भरून काढत नाही.

बोल्ट मध्यापासून बाहेर, तीन फेऱ्यांत, 11 न्यूटन-मीटर. इतकं कमी की हाताला वाटतं अजून एक पीळ द्यावा. देऊ नये. हे बोल्ट जास्त आवळले की कव्हर वाकतं आणि दोन बोल्टांच्या मध्ये फट पडते. रात्रभर सिलिकॉन सुकू दिलं.

26 जून, बुधवार

रविवारी गाडी चालू केली. दोन दिवस किंचित वास होता, पत्र्यावर उरलेलं ऑइल जळत असणार. काल आणि आज अजिबात नाही. वहीत आण्णांनी लिहिलं : "पॅकिंग बदलले. वास बंद."

1 जुलै, सोमवार. मीटर 1,04,910

काल कोल्हापूरला जाऊन आले. परतीला उंब्रजच्या पुढे पुन्हा तोच वास.

आज पावडर, आरसा, टॉर्च. कोपरा तोच. शिवाय मागच्या मधल्या बोल्टपाशीही ओल. नवं पॅकिंग, मोजून आवळलेले बोल्ट, ताजं सिलिकॉन, आणि नऊ दिवसांत गळती. खूप वाईट वाटलं. काम जीव लावून केलं होतं.

आण्णांनी काही न बोलता वही आणून दिली. निळ्या पुठ्ठ्याची, कडा तेलकट, प्रत्येक ओळीत तारीख, मीटर, काम, पैसे. मी पानं मागे चाळत गेले. 2019, मीटर 71,000 : टॅपेट पॅकिंग. 2022, मीटर 92,000 : टॅपेट पॅकिंग. मग माझं. तेहतीस हजार किलोमीटरमध्ये तीन पॅकिंगं. हे रबर एवढ्यात इतकं कडक व्हायला नको होतं, आणि ताजं असताना गळायला तर नकोच नको. तिन्ही वेळा बसवणारा हात वेगळा, तरी कोपरा तोच.

म्हणजे दोष पॅकिंगमध्ये नाही. आतून काहीतरी ढकलतंय.

4 जुलै, गुरुवार

हे नीट लिहून ठेवते, कारण हे मला आधी सुचायला हवं होतं.

पेट्रोल जळतं तेव्हा थोडा जळका वायू पिस्टनच्या रिंगांच्या कडेने निसटून खाली ऑइलच्या भागात उतरतो. हे नव्या इंजिनातही होतं. तो वायू बाहेर काढायला दोन वाटा असतात. एक पीसीव्ही व्हॉल्व्हमधून : इंजिनाच्या हवा ओढण्याच्या जोरावर तो वायू परत सिलिंडरकडे जाऊन जळतो. दुसरी ब्रीदर पाइप, टॅपेट कव्हर ते एअर फिल्टरचा डबा. एरवी त्यातून स्वच्छ हवा आत येते, आणि वायू जास्त झाला तर उलटा त्यातूनच बाहेर पडतो. दोन्ही तुंबल्या तर आत दाब साठतो आणि सगळ्यात कमजोर सांध्यातून ऑइलसकट वाट काढतो. आमच्या गाडीत तो सांधा म्हणजे हाच कोपरा.

तपासणी सोपी होती. इंजिन गरम, उभ्या जागी चालू. ऑइल ओतायचं झाकण काढून तोंडावर पातळ कागद ठेवला. पीसीव्ही चालू असेल तर कागद हलकेच ओढला जाऊन चिकटतो. आमचा कागद फडफडून उडाला. तळहात धरला तर गरम फुंकर लागत होती.

पीसीव्ही व्हॉल्व्ह काढला. अंगठ्याएवढी वस्तू. चांगला असला की कानाजवळ हलवल्यावर आत खुळखुळतो. हा मुका. तोंडाशी डांबरासारखा थर. ब्रीदर पाइप उजेडाकडे धरून पाहिला. पेन्सिल जाईल एवढ्या भोकात काडेपेटीची काडी जेमतेम जाईल अशी फट, बाकी सगळं तपकिरी-पिवळं, लोण्यासारखं.

त्या लोण्याचं कारणही घरातच सापडलं. माझ्याकडे येण्याआधी कित्येक वर्षं ही गाडी रोज मंडईपर्यंत जायची आणि यायची, दोन किलोमीटर. एवढ्यात इंजिन पुरतं तापत नाही. जळण्यातून तयार होणारी पाण्याची वाफ आत थिजते, ऑइलमध्ये मिसळते आणि हा गाळ होतो. लांबच्या फेऱ्यांत ती वाफ उडून जाते. आण्णांना सांगितलं तेव्हा ते जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "गाडी जपावी म्हणून लांब नेत नव्हतो गं."

आणि 5 जूनला पाहिलेला एअर फिल्टरवरचा तो डाग! ब्रीदरमधून उलटं आलेलं ऑइल तिथे बसलं होतं. खूण समोर होती आणि मी डबा बंद केला. तेव्हाच पाइप काढून पाहिला असता तर एक पॅकिंग आणि महिना वाचला असता. तेलकट वासाच्या तपासात एअर फिल्टरचा डबा पहिल्या पाच मिनिटांत बघण्याची जागा आहे, हे आता वहीच्या पहिल्या पानावर लिहिलंय.

6 जुलै, शनिवार

एक भीती उरली होती. रिंगाच झिजल्या असतील तर वायू इतका जास्त उतरेल की नव्या व्हॉल्व्हनेही भागणार नाही, आणि मग इंजिन उघडावं लागेल. मिस्त्रींकडे कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, तपासलं. चारही प्लग काढून, पेट्रोल बंद, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून. 12.2, 12.0, 12.1, 11.8 किलो. चारही जवळजवळ सारखे. मिस्त्री गेज पुसत म्हणाले, "इंजिन ठणठणीत आहे, आण्णा. नुसतं नाक चोंदलंय."

7 जुलै, रविवार. मीटर 1,04,960

नवा पीसीव्ही व्हॉल्व्ह 320, दोन्ही पाइप मिळून 410. टॅपेट कव्हर पुन्हा उतरवलं. पॅकिंग दोन आठवड्यांचंच, रबर मऊ आहे, परत घालावं का असं विचारलं. मिस्त्रींनी ते कोपऱ्यापाशी चिमटीत धरून दाखवलं : सिलिकॉनखाली ऑइल शिरून ते सुटलं होतं. नवंच घातलं. सांधे या वेळी कापडाला डाग लागेनासा होईपर्यंत पुसले.

मॅनिफोल्डवरचा पत्राही काढून धुतला. त्याच्या आतल्या बाजूला ऑइल भाजून काळं कवच झालं होतं, गळती थांबली तरी ते महिनाभर वास देत राहिलं असतं. एक बोल्ट गंजून अर्धा झालेला, तो बदलला.

ऑइल आणि फिल्टर दीड महिन्यातच पुन्हा बदलले. गाळ धुणारं फ्लश घालायचा सल्ला एकाने दिला होता, तो मी मानला नाही. बारा वर्षांच्या इंजिनातला गाळ एकदम सुटला तर ऑइल ओढणाऱ्या जाळीत अडकेल. त्याऐवजी पुढचे दोन बदल दर 5,000 किलोमीटरला, हळूहळू निघू दे.

सिलिकॉन सुकायला गाडी उद्या सकाळपर्यंत उभी.

8 जुलै, सोमवार

इंजिन गरम करून कागद ठेवला. झाकणाच्या तोंडावर तो खाली ओढला गेला, मधोमध खळगा पडला. बोटाने सरकवला तरी सुटेना. आण्णांनी स्वतः दोनदा करून पाहिलं.

14 जुलै, रविवार. मीटर 1,05,040

यवतेश्वर. धुकं इतकं की दिवे लावून चढावं लागलं. 9 जूनच्याच जागी थांबून बॉनेट उघडलं. गरम लोखंडाचा आणि पावसाचा वास, बाकी काही नाही. आरशात पावडर पांढरी, कोपरा कोरडा.

22 जुलै, सोमवार. मीटर 1,05,410

काल गुरुपौर्णिमेला आईला आणि आण्णांना पंढरपूरला नेऊन आणलं, म्हसवडमार्गे. जाऊन-येऊन अडीचशेच्या वर, भर दुपारी एसी लावून, गावागावांतून रांगत. परतीला काचा बंद होत्या. गाडीत बुक्क्याचा आणि आईच्या मांडीवरल्या तुळशीच्या माळेचा वास होता. दर थांब्याला आण्णा मान वर करून हुंगायचे आणि नकारार्थी हलवायचे.

निघण्याआधी आणि आज सकाळी, दोन्ही वेळा सपाट जागी, गार इंजिनवर ऑइलची पट्टी पाहिली. खूण जिथल्या तिथे.

वहीतली आजची ओळ आण्णांची : "पीसीव्ही व दोन पाइप नवीन. पॅकिंग नवीन. कोरडे. दर रविवारी गाडी यवतेश्वरला न्यावी." मी खाली जोडलं : पुढचं ऑइल 1,09,960 ला, तेव्हा पीसीव्ही काढून कानाशी हलवून पाहणे.